अंगकोरची देवळं आणि नोम पेन्ह: कंबोडियाला जाताना राजधानी वगळू नका

शेवंती

कंबोडियाचा बेत आखताना बहुतेक जण एकच साचा वापरतात. बँकॉक किंवा व्हिएतनामला जोडून, अंगकोर या जुन्या राजधानीजवळच्या सिएम रीपमध्ये दोन रात्री, पहाटे अंगकोर वाटच्या तळ्याकाठी सूर्योदयाचा फोटो, दुपारी झाडांच्या मुळांनी वेढलेलं ता प्रोह्म, संध्याकाळी बाजार आणि परत विमानतळ. राजधानी नोम पेन्ह वगळायची, कारण "तिथे बघण्यासारखं काही नाही". गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही ठिकाणं सावकाश पाहिली आणि तेव्हापासून जो विचारेल त्याला सांगते आहे की नोम पेन्ह वगळलं तर अंगकोरही अर्धंच पाहून होतं.

याचं कारण साधं आहे. अंगकोरच्या देवळांत भिंती आहेत, ओवऱ्या आहेत, गाभारे आहेत, पण गाभाऱ्यांतले देव बहुतेक ठिकाणी नाहीत. काही चोरीला गेले, काही चोरीला जाऊ नयेत म्हणून हलवले. जे वाचले त्यांतले उत्तमोत्तम नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभे आहेत.

आधी अंगकोर वाट. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने बांधलेलं हे विष्णूचं देऊळ. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून उगवतो आणि म्हणूनच पहाटे पाचला तळ्याकाठी एवढी झुंबड असते. सूर्योदय जरूर पाहा. पण तो झाला की लोक नाश्त्यासाठी हॉटेलांकडे परततात, तेव्हा तुम्ही मात्र परतू नका. सरळ पूर्वेच्या ओवरीत जा. सकाळचं ऊन तिथे आत येतं आणि समोर सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन असतं.

डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, मधे मंदार पर्वत, खाली कूर्म, आणि पर्वताला हात लावून उभा चतुर्भुज विष्णू. असुरांच्या बाजूला वासुकीची फणा, देवांच्या टोकाला शेपटी धरलेला वानर. आपण सगळ्यांनी ही गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. पण इथे खालच्या पट्ट्यात समुद्रातले मासे, मगरी, जलचर कोरलेत आणि मंथनाच्या केंद्राजवळ आल्यावर ते घुसळणीने चक्क तुकडे होऊन पडलेले दिसतात. अमृत निघालं तेव्हा समुद्रातल्या जिवांचं काय झालं, हा प्रश्न त्या शिल्पकाराला पडला होता! मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे.

पश्चिमेच्या ओवऱ्या दुपारी तीननंतर उजळतात. दक्षिण अंगाला कुरुक्षेत्र, उत्तर अंगाला लंकेचं युद्ध. कुरुक्षेत्राच्या पटात कौरव डावीकडून आणि पांडव उजवीकडून येतात. दोन्ही टोकांना शिस्तीत चालणारी पावलं, मग हळूहळू गर्दी वाढते आणि मध्यावर नुसती कापाकापी. शरपंजरी पडलेले भीष्म आणि त्यांच्याभोवती जमलेली माणसं वरच्या भागात आहेत, शोधा म्हणजे सापडतील. काही जागी दगड काळा आणि आरशासारखा गुळगुळीत झालाय, तो शतकानुशतकं फिरलेल्या हातांनी. आता मात्र हात लावायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे.

हे पट ओळीने पाहायचे तर पश्चिम दारातून आत शिरून उजवीकडे वळायचं आणि भिंत डाव्या हाताला ठेवून चालायचं. म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या नेमकी उलट दिशा. म्हणूनच काही अभ्यासक हे देऊळ राजाच्या मृत्यूनंतरच्या विधींशी जोडतात. दक्षिणेच्या ओवरीत आधी सूर्यवर्मनची मिरवणूक लागते, मग रेड्यावर बसलेला यम, चित्रगुप्त, ३७ स्वर्ग आणि ३२ नरक. नरकांची शिल्पं लहान मुलांना दाखवायची की नाही ते आपापलं ठरवा.

दुसरं, बान्ते स्रे. ते मुख्य देवळांपासून पंचवीसेक किलोमीटर दूर असल्यामुळे घाईच्या बेतात गळतं. असं करू नका! इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं हे शिवाचं छोटंसं देऊळ कुणा राजाने नाही, तर यज्ञवराह नावाच्या विद्वान राजगुरूने बांधलं. गुलाबी वालुकाश्म आणि लाकडावर करावं इतकं बारीक काम. दक्षिणेच्या ग्रंथागारावर कैलास हलवणारा रावण आहे. वेरूळच्या सोळाव्या लेण्यातला रावण ज्यांनी पाहिलाय त्यांनी इथे मुद्दाम थांबावं. वेरूळला रावण पर्वताखालच्या अंधारात एकटा जोर लावतोय आणि सगळा भार अंगावर येतो. इथे पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा, त्यावर ऋषी, पशुपक्षी, घाबरलेले गण, आणि वर शिवाला बिलगलेली उमा. वेरूळचं शिल्प ताकदीचं आहे, इथलं गोष्ट सांगणारं. मला दोन्ही तितकीच प्रिय.

आता नोम पेन्ह. राष्ट्रीय संग्रहालयाची तांबडी, टोकदार छपरांची इमारत १९२० मध्ये उघडली. आतल्या मूर्तींपैकी एका समूहाबद्दलच लिहिते, नाहीतर धागा संपणार नाही.

अंगकोरच्या ईशान्येला को केर नावाची जागा आहे. दहाव्या शतकात, ९२८ ते ९४४ च्या सुमारास, चौथ्या जयवर्मनने राजधानी तिथे नेली होती. तिथल्या प्रासात चेन देवळात भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाचा मोठा मूर्तिसमूह होता. दोघे एकमेकांवर झेप घेण्याच्या पवित्र्यात, भोवती बसून पाहणारे पांडव, बलराम. माणसाच्या उंचीच्या मोकळ्या मूर्ती, म्हणजे प्रेक्षकाने त्या युद्धाच्या रिंगणात जाऊन उभं राहावं अशी योजना. १९७० च्या दशकात यादवी माजली तेव्हा चोरांनी या मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. पावलं चौथऱ्यावरच राहिली.

२०११ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या लिलावात दुर्योधन विक्रीला आला. को केरच्या चौथऱ्यावरची पावलं आणि ही मूर्ती यांचा मेळ अभ्यासकांनी दाखवून दिला, कंबोडियाने हरकत घेतली, अमेरिकेत खटला झाला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने गुडघे टेकून बसलेल्या दोन मूर्ती परत केल्या, २०१४ मध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम मायदेशी आले. भीम कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयात होता. आपल्या महाभारतातली भांडणं दुसऱ्या देशात, दुसऱ्याच कोर्टात, एक हजार वर्षांनी अशी मिटली.

देवळांत रिकामे चौथरे आणि त्यावरची खाच पाहून आल्यावर या मूर्तींसमोर उभं राहिलं की काय वाटतं ते लिहून सांगता येणं अवघड आहे. राजधानी वगळू नका ते याचसाठी.

नोम पेन्हमधल्या तुओल स्लेंग या जुन्या तुरुंगाबद्दल मुद्दाम वेगळं लिहीन. प्रश्न असतील तर विचारा, माहीत असेल ते सांगते.

मीठभाकर

वाचनखूण साठवली आहे. फार सुंदर लिहिलंयत ताई. फेब्रुवारीत आईवडिलांना घेऊन जायचा विचार आहे. दोघंही सत्तरीच्या पुढे, वडिलांचे गुडघे दुखतात. पायऱ्या किती आहेत? तिकीट, व्हिसा, राहणं यावरही थोडं लिहा ना.

पायवाट

शेवंती उत्तर देतीलच, मी माझ्याकडची भर घालतो.

व्हिसा: भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, तीस दिवस, एक प्रवेश. फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, हुबेहूब तशीच दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी दलालांची संकेतस्थळं बरीच आहेत. त्याशिवाय ई-अरायव्हल कार्ड पोचण्याआधी ऑनलाइन भरायचं असतं.

तिकीट: २०१७ पासून एका दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतं, सलग नकोत. आईवडील बरोबर असतील तर हेच घ्या, मधे एक दिवस विश्रांतीला ठेवा. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा.

विमानतळ: सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि तो शहरापासून लांब आहे, तासभर धरा. जुन्या प्रवासवर्णनांत "विमानतळावरून दहा मिनिटांत हॉटेल" असं वाचलं असेल तर ते विसरा.

पैसे: डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, साधारण चार हजार रिएलला एक डॉलर. किरकोळ सुटे रिएलमध्येच मिळतात. डॉलरची नोट जराही फाटलेली किंवा शाईने खरडलेली असली की घेत नाहीत, त्यामुळे मुंबईतून नेताना कोऱ्या नोटा मागून घ्या.

शेवंती

धन्यवाद पायवाट, माझं काम हलकं केलंत.

मीठभाकर, गुडघ्यांचं नेमकं सांगते. अंगकोर वाटच्या ओवऱ्यांपर्यंत जायला थोड्या पायऱ्या आहेत, त्या सावकाश जमतील, आणि खरा ऐवज तिथेच आहे. सर्वांत वरचा चौक, ज्याला बाकान म्हणतात, तिथे मात्र चढण अतिशय उभी आहे. लाकडी जिना केलाय तरी उतरताना भीती वाटते. वडिलांना खाली ओवरीत सावलीत बसू द्या, तुम्ही वर जाऊन या. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, ओढणी गुंडाळून चालत नाही, बाहीचा सदराच हवा. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत आणि बौद्धांच्या पवित्र दिवशी तो भाग बंद असतो.

बान्ते स्रे सपाटीवर आहे, तिथे त्यांना काही त्रास नाही. बायोन देवळात दगड उंचसखल आहेत, पण बाहेरच्या भिंतीवरचे पट जमिनीवरूनच दिसतात. रिमॉर्क, म्हणजे दुचाकीला जोडलेली चार जणांची गाडी, दिवसभरासाठी ठरवा. चालक प्रत्येक देवळाच्या दुसऱ्या दारी येऊन थांबतो, म्हणजे तेवढंच परत चालावं लागत नाही. फेब्रुवारीत दुपारचं ऊन चांगलंच तापतं, अकरा ते तीन हॉटेलवर आराम.

ताम्रपट

लेख आवडला. संग्रहालयाचं नाव निघालंच आहे तर एका दगडाबद्दल सांगतो.

मेकाँगच्या काठी सांबोर इथे सापडलेला एक शिलालेख आहे, अभ्यासक त्याला के-१२७ म्हणतात. जुन्या खमेर भाषेतला. त्यात शक वर्ष ६०५ असं अंकांत लिहिलंय आणि मधलं शून्य एका ठिपक्याने दाखवलंय. शक ६०५ म्हणजे इ. स. ६८३. शून्य अंक म्हणून लिहिलेला, काळ निश्चित असलेला हा जगातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. खमेर रूजच्या, म्हणजे १९७५ ते १९७९ च्या कम्युनिस्ट राजवटीच्या, काळानंतर तो कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं, २०१३ मध्ये अंगकोरजवळच्या मूर्तींच्या गोदामात तो पुन्हा सापडला, आणि आता तो राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.

आपल्या पंचांगावर आजही छापला जातो तोच हा शक. कंबोडियातले जुने लेख सगळे याच कालगणनेत आहेत. संस्कृतात राजाची स्तुती, आणि त्याच दगडावर खमेर भाषेत जमिनी, तांदूळ, गुरं, सेवक यांचा हिशेब. मला स्वतःला तो हिशेबाचा भाग जास्त आवडतो. ता प्रोह्मच्या लेखात देवळाच्या ६१५ नर्तकींची नोंद आहे, आणि सातव्या जयवर्मनने राज्यात उभारलेल्या १०२ आरोग्यशाळांचीही.

रानमेवा

अप्रतिम माहिती! अभिमान वाटला. एवढं भव्य देऊळ आपल्या पूर्वजांनी समुद्रापलीकडे जाऊन बांधलं आणि आपल्याला शाळेत त्यातलं काही शिकवलं जात नाही.

शेवंती

रानमेवा, अभिमान मलाही वाटला, पण तो थोडा वेगळा. देऊळ आपल्या पूर्वजांनी बांधलेलं नाही, खमेर लोकांनी बांधलं. हे मी हट्टाने लिहिते आहे, कारण तिथे आपल्याकडचे एक गृहस्थ त्यांच्या गाइडला मोठ्या आवाजात "हे सगळं आमचंच" असं ऐकवत होते आणि तो तरुण नुसता हसून गप्प राहिला. मला फार वाईट वाटलं.

कथा भारतातून गेल्या, संस्कृत गेलं, शिव आणि विष्णू गेले. ते व्यापाऱ्यांबरोबर गेले, पंडितांबरोबर गेले, सैन्याबरोबर नाही. तिथल्या राजांनी त्यातलं हवं ते निवडलं, स्वतःचं केलं. कुलेन डोंगरातला वालुकाश्म कालव्यांतून वाहून आणणारे, तो एकावर एक रचून चुन्याशिवाय शिखरं उभी करणारे हात तिथलेच. बायोनच्या बाहेरच्या भिंती पाहा. तिथे देव कमी आणि माणसं जास्त आहेत: मासळी विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, बाळंतपण, आणि शेजारच्या, आजच्या व्हिएतनाममधल्या चाम लोकांशी झालेली होड्यांमधली लढाई. ११७७ मध्ये चामांनी अंगकोर लुटलं होतं, त्यातून राज्य सावरलं ते सातव्या जयवर्मनने. हा त्यांचा इतिहास आहे, त्यांच्या आज्यापणज्यांचा.

आपल्या गोष्टी दुसऱ्या कुणाला इतक्या आवडल्या की त्यांनी त्यांवर डोंगराएवढी देवळं रचली, यात अभिमान वाटण्यासारखं पुष्कळ आहे. त्यासाठी बांधणाऱ्यांचं श्रेय घ्यायची गरज नाही.

ताम्रपट

+१. पूर्ण सहमत.

रानमेवा

पटलं ताई. गाइडचा प्रसंग वाचून मलाही वाईट वाटलं. मग भारताचा आजचा संबंध काय? कुठेतरी वाचलं की आपलं पुरातत्त्व खातं तिथे काम करतंय.

कोनाडा

हो, यावर मी लिहितो. मी स्थापत्य शिकवतो आणि विद्यार्थ्यांबरोबर गेलो आहे.

१९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने अंगकोर वाटचं काम केलं. देश यादवीतून पुरता बाहेर आला नव्हता, भोवती भूसुरुंग होते आणि फार थोडे देश तिथे माणसं पाठवायला तयार होते, हे आधी लक्षात घ्या. दगड साफ करायला वापरलेल्या रसायनांवरून आणि सिमेंटच्या वापरावरून पुढे टीका झाली, आणि तीही खरी आहे. २००३ नंतर खात्याने ता प्रोह्म हाती घेतलं. तिथली अडचण अशी की झाड काढलं तर भिंत कोसळते आणि ठेवलं तर हळूहळू भिंतच खातं. म्हणून एकेक झाड तपासून, काहींना आधार देऊन, पडलेल्या दालनांचे दगड पुन्हा रचले. नर्तकींच्या दालनाचं काम पाहण्यासारखं आहे.

पण जीर्णोद्धाराची सर्वांत थरारक गोष्ट बाफुओनची. अकराव्या शतकातलं शिवाचं देऊळ, अंगकोर थॉम या तटबंदीच्या जुन्या राजधानीच्या आत. खाली भर मातीची, त्यामुळे खचत होतं. फ्रेंचांनी १९६० च्या दशकात दगड न दगड उतरवला, प्रत्येकाची जागा कागदावर नोंदवली आणि सुमारे तीन लाख दगड रानात पसरून ठेवले. मग युद्ध आलं, काम थांबलं आणि नोम पेन्हमध्ये ठेवलेली कागदपत्रं खमेर रूजच्या काळात नष्ट झाली. १९९५ मध्ये परत आले तेव्हा हाती होते फक्त दगड आणि जुने फोटो. प्रत्येक दगडाचं माप वेगळं, चुना नाही, म्हणजे एका दगडाची जागा एकच. २०११ मध्ये देऊळ पुन्हा उभं राहिलं. मागच्या बाजूला जाऊन पाहा, तिथे पश्चिमेच्या सबंध भिंतीतून घडवलेला निजलेला बुद्ध आहे, तो पुढच्या काळात देवळाचेच दगड वापरून केलेला.

दर्यासारंग

देवळांबरोबर पाणीही बघा असं सुचवेन. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे माझं लक्ष तिकडेच.

पश्चिम बाराय हा तलाव आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून थोडा जास्त रुंद, हाताने बांध घालून केलेला, अकराव्या शतकातला. आजही त्यात पाणी आहे. कुलेन डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी वळवायचं, साठवायचं, शेताला द्यायचं आणि उरलेलं तोनले साप सरोवराकडे सोडायचं, अशी ती सबंध व्यवस्था. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लायडारने, म्हणजे लेझर किरणांनी, जमीन मोजली तेव्हा जंगलाखाली रस्ते, घरांचे उंचवटे, तळी यांचं पसरलेलं जाळं दिसलं. चौदाव्या-पंधराव्या शतकात आधी लांबलेले दुष्काळ आणि मग जोरदार पाऊस, कालवे गाळाने भरले, फुटले. १४३१ ची अयुथया या थाई राज्याची स्वारी शाळेच्या पुस्तकात असते, पण पाण्याची व्यवस्था कोलमडली हेही तितकंच मोठं कारण मानलं जातं.

तोनले सापचं आश्चर्य ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर पाच-सहा पट पसरतं. पाऊस सरला की नदी पुन्हा दिशा बदलते. त्या वेळी, कार्तिकी पौर्णिमेला, नोम पेन्हमध्ये राजवाड्यासमोर नावांच्या शर्यतींचा मोठा उत्सव असतो. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतात त्याच सुमारास. जमलं तर तेव्हाच जा, पण हॉटेल खूप आधी घ्या.

सांजवेळ

शाकाहारींचं काय? आम्ही अंडंही खात नाही.

पायवाट

अडचण येते, लपवत नाही. माशाचा सॉस आणि प्राहोक, म्हणजे खारवून आंबवलेली मासळी, भाजीतही असते. बोंबील-सुकट खाणाऱ्यांना प्राहोकचा वास ओळखीचा वाटेल, तुम्हाला नाही. सिएम रीपमध्ये शुद्ध शाकाहारी आणि भारतीय खाणावळी बऱ्याच आहेत, नोम पेन्हमध्येही आहेत. बौद्ध शाकाहारी ठिकाणी निर्धास्त जेवा. देवळांच्या परिसरात मात्र पर्याय कमी, तिथे शहाळी, केळी, ताडगुळाची मिठाई आणि स्वतःचे दशम्या-चटणी.

मासे खात असाल तर केळीच्या पानातला अमोक चुकवू नका. नारळाचं दूध, लेमनग्रास, हळद. गोव्याच्या माणसाला एका घासात घरच्यासारखं वाटेल.

निशिगंध

एक वेगळा प्रश्न. नोम पेन्हमध्ये तुओल स्लेंगला जावं का? मुलं बरोबर आहेत, तेरा आणि नऊ. नवऱ्याचं म्हणणं, सुट्टीला जाऊन अशा जागा कशाला बघायच्या.

शेवंती

निशिगंध, यावर लिहायचंच होतं.

तुओल स्लेंग ही एक शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ला खमेर रूज नोम पेन्हमध्ये शिरले आणि काही दिवसांत सबंध शहर रिकामं केलं. आजारी, म्हातारे, बाळंतिणी, सगळ्यांना खेड्यांकडे हाकललं. शाळेचा तुरुंग झाला. तिथे चौदा हजारांहून जास्त लोकांना डांबलं, छळलं, आणि त्यांतले जवळपास सगळे मारले गेले. जिवंत राहिल्याची नोंद जेमतेम डझनभर. ७ जानेवारी १९७९ ला ती राजवट कोसळली तोवर देशातली पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीने, श्रमाने, रोगाने किंवा हत्येने गेली होती.

वर्गांच्या खोल्या तशाच आहेत. लिहायचे फळे आहेत. वर्गात विटांच्या भिंती घालून केलेल्या कोठड्या आहेत. आणि दालनामागून दालनं कैद्यांचे फोटो, कारण तुरुंग प्रत्येकाचा फोटो काढून नोंद ठेवत असे. त्यांत लहान मुलंही आहेत.

नऊ वर्षांच्या मुलाला नेऊ नका असं मला वाटतं. तेरा वर्षांच्या मुलीला आधी सांगून, तिची तयारी असेल तर. दोघांपैकी एकाने धाकट्याबरोबर नदीकाठी थांबावं. मोठ्यांनी मात्र जावं. अंगकोरमध्ये आपल्याला पाणी देणारी बाई, रिमॉर्कचा चालक, पन्नाशीच्या पुढचा कुणीही भेटला तर तो या काळातून आलेला आहे. बाफुओनची कागदपत्रं का नष्ट झाली, दुर्योधनाची मूर्ती त्या वर्षांत कशी गेली, संग्रहालय का ओस पडलं, याची उत्तरं याच शाळेत आहेत. सहलीत हे बसत नाही हे खरं, पण देशात बसतं.

ऑडिओ गाइड घ्याच. चुंग एक, जिथे कैद्यांना नेऊन मारत, ते शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. दोन्ही एकाच दिवशी केलीत तर संध्याकाळी दुसरं काहीही ठरवू नका. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने या जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

निशिगंध

मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. मी आणि लेक जाऊ.

कोनाडा

राजधानीत इतरही बरंच आहे. राजवाडा १८६६ पासूनचा, त्याच्या आवारातल्या चांदीच्या पॅगोडाच्या जमिनीवर पाच हजारांहून जास्त चांदीच्या लाद्या आहेत, पण बहुतेक झाकलेल्या. मला तिथे जास्त आवडलं ते आवाराच्या भिंतीवरचं रामकेर, म्हणजे खमेर रामायण. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रंगवलेलं, सहाशेहून जास्त मीटर लांब. ओलीने बरंच खराब झालंय, जे उरलंय ते लवकर पाहून घ्या. आणि १९३७ चा मध्यवर्ती बाजार, पिवळा घुमट. भर दुपारी आत किती गार असतं ते अनुभवा, वास्तुरचनेचा उत्तम धडा आहे.

पायवाट

शेवंती, एका मुद्द्यावर मतभेद. मी म्हणेन नोम पेन्ह आधी, अंगकोर नंतर. संग्रहालयात कालक्रम समजतो, शैली ओळखू येतात, मग देवळांत गेल्यावर डोळा तयार असतो. वाटेत सांबोर प्रेई कुकही होतं, सातव्या शतकातली ईशानवर्मनची राजधानी, अंगकोर वाटच्या पाचशे वर्षं आधीची, विटांची देवळं झाडीत. २०१७ पासून जागतिक वारसा. तिथे दिवसभरात मोजकी माणसं भेटतात.

शेवंती

अभ्यास म्हणून तुमचं बरोबर आहे. तरी मी देवळं आधी म्हणेन. रिकामा चौथरा आधी पाहिला की संग्रहालयातली मूर्ती नुसती शैली राहत नाही, ती कुणाची तरी हरवलेली वस्तू होते. मूर्ती आधी पाहिली तर चौथरा नुसता दगड वाटतो. पण सांबोर प्रेई कुक दोन्ही दिशांनी वाटेवर येतं, त्याला माझे दोन्ही हात वर.

मीठभाकर

सिएम रीप ते नोम पेन्ह रस्त्याने आईवडिलांना झेपेल का? आणि बँकॉकहून बसने सिएम रीपला येता येतं असं वाचलं होतं.

दर्यासारंग

बँकॉकहून बसचा विचार सध्या सोडा. २०२५ च्या जूनपासून थायलंड-कंबोडिया जमिनीवरच्या चौक्या बंद झाल्या, जुलैत तोफा चालल्या. निघण्याआधी परराष्ट्र खात्याची ताजी सूचना पाहा आणि विमानानेच या. प्रिआह विहेअरचं देऊळ तर सीमेच्या कड्यावरच आहे, शांतता पक्की होईपर्यंत तिकडे नकोच.

सिएम रीप ते नोम पेन्ह सव्वातीनशे किलोमीटरच्या आत, मोटारीने पाच-सहा तास, रस्ता चांगला. मोटार ठरवलीत तर कोम्पोंग क्देईला थांबा. बाराव्या शतकातला जांभ्या दगडाचा पूल, कठड्यांना नागाच्या फणा. कोकणातल्या माणसाला जांभा परका नाही. मोठ्या गाड्या आता बाजूच्या नव्या पुलावरून जातात, जुन्यावरून चालत पलीकडे जाता येतं. वडिलांना तिथे सावलीत बसायला जागा आहे, समोर चहा मिळतो.

मीठभाकर

ठरलं मग. सिएम रीपला विमानाने, तीन दिवसांचं तिकीट, मधे एक दिवस आराम, मग मोटारीने सांबोर प्रेई कुक करून नोम पेन्हला तीन रात्री. तिकिटं आजच बघतो. को केर आईवडिलांना जमेल का, तेवढं कुणी सांगा.

कोनाडा

जमेल. सिएम रीपहून मोटारीने दोन-अडीच तास, तिकीट वेगळं. मुख्य पिरॅमिडचा जिना त्यांनी चढू नये, खालून पुरेसा दिसतो. पण चालकाला प्रासात चेन आधीच सांगून ठेवा, बरेच जण नुसता पिरॅमिड दाखवून परत फिरवतात.